गणपती बसले होते तेव्हा: हैदराबाद रोडवरच्या १९४८ च्या आठवणी

वाचनालयाच्या टेबलावर दोन वह्या उघड्या पडल्या होत्या. एकीत नव्वदीला टेकलेल्या एका आजींची हकीकत होती, दुसरीत त्र्याऐंशी वर्षांच्या एका खालांची. उतरवून घेणारी माणसं वेगळी, घरं वेगळी, दिवस वेगळे. पहिलं वाक्य मात्र जवळजवळ एकच: "मोगलाईतनं नेसत्या कपड्यांनिशी सोलापूरला आलो." आजी आल्या १९४८ च्या उन्हाळ्यात, मृगाचा पाऊस पडायच्या आधी. खाला आल्या त्याच वर्षी, सप्टेंबर सरता सरता. मधे एक पावसाळा गेला आणि त्या पावसाळ्यात निजामाचं राज्यही गेलं.

या दोन वह्या भिंतीवर शेजारी शेजारी लावायच्या की नाही, यावरून आमच्या पाच जणांच्या समितीत तीन आठवडे धुसफूस चालली. एकाने येणंच सोडलं. मी वाचनालयाचा कार्यवाह, त्यामुळे दोन्हीकडचं ऐकून घ्यायची पाळी माझ्यावर आली. दुसऱ्या कुणाला असलं काम काढायचं झालं तर आमच्या चुका त्यांना उपयोगी पडतील, म्हणून झालं ते सगळं लिहून ठेवतो.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण सोलापुरातल्या पोरांनाही ती सांगावी लागते. १९४८ मध्ये सोलापूर मुंबई प्रांतात होतं. शहरातून हैदराबाद रोडने निघालं की बोरामणी, तांदूळवाडी मागे टाकून थोडं पुढे गेलं की निजामाची हद्द लागायची. आज तिथे धाराशिव जिल्ह्याची पाटी आहे. तेव्हा त्या पलीकडच्या मुलखाला आमची माणसं 'मोगलाई' म्हणत. औरंगजेबाला जाऊन अडीचशे वर्षं होत आली होती, पण शब्द काही जागचा हलला नव्हता. मोगलाईत चालायचा तो 'हाली' सिक्का, चारमिनार कोरलेला. आपल्याकडचा तो 'कलदार'. सात हाली द्यावे तेव्हा सहा कलदार मिळत. हद्दीवर करोडगिरीचा नाका, म्हणजे निजामाची जकात. बार्शी तालुक्याच्या बाजूला तर दोन्ही हद्दी एकमेकींत अशा घुसल्या होत्या की एखाद्याचं घर इंग्रजी मुलखात आणि सोयरिक मोगलाईत.

देश स्वतंत्र झाला, हैदराबाद संस्थान सामील झालं नाही. २९ नोव्हेंबर १९४७ ला 'जैसे थे' करार झाला, आणि त्याच सुमाराला कासिम रझवीच्या रझाकारांचा, म्हणजे निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद स्वयंसेवकांचा, जोर वाढला. हा रझवी लातूरचा वकील. स्वामी रामानंद तीर्थांच्या स्टेट काँग्रेसने सत्याग्रह केला, सरहद्दीवर कॅम्प उभे राहिले, आणि त्या लढ्याची बरीचशी सूत्रं सोलापुरातून हलू लागली. गावं पेटायला लागली तशी मोगलाईतली कुटुंबं सोलापूर, बार्शीकडे सरकली. कुणी नातेवाइकांच्या माळवदावर राहिलं, कुणी धर्मशाळेत.

मग १३ सप्टेंबर १९४८, सोमवार. पहाटे भारतीय सैन्य हद्द ओलांडून आत शिरलं. मुख्य चाल दोन बाजूंनी होती, पूर्वेकडून विजयवाडा आणि पश्चिमेकडून सोलापूर. सोलापूरची बाजू मेजर जनरल जयंतनाथ चौधरींच्या चिलखती डिव्हिजनकडे. पहिली गाठ पडली नळदुर्गला, इथून पन्नासेक किलोमीटरवर. बोरी नदीवरचा पूल निजामाच्या फौजेने उडवला असता तर रणगाडे तिथेच अडकले असते. पण भारतीय फौजेने अचानक धडक मारून तो पूल शाबूत ताब्यात घेतला. आपण नळदुर्गला पाणीमहाल आणि नर-मादी धबधबा पाहायला जातो, भजी खातो आणि त्याच नदीवरून घरी येतो. पुलाचं नाव कुणी काढत नाही. १७ तारखेला, शुक्रवारी संध्याकाळी निजामाने शरणागती जाहीर केली. पाच दिवसांत सगळं आटोपलं. या कारवाईलाच पुढे 'पोलीस ॲक्शन' म्हणायची रीत पडली.

सोलापूरला आठवण जपता येत नाही असं मुळीच नाही. १९३० च्या मेमध्ये शहराने तीन दिवस इंग्रजांचा अंमल झुगारला, त्यावर मार्शल लॉ लागला, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन येरवड्यात फासावर गेले. ही चार नावं इथला शाळकरी मुलगा एका दमात म्हणतो. तो दिवस गड्ड्याच्या यात्रेच्या तोंडावर येतो, शहर तसंही रस्त्यावर असतं, त्यामुळे हार घालायला माणसं कमी पडत नाहीत. दुसरं उदाहरण डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं. १९३८ मध्ये जपानने चीनवर लादलेल्या युद्धात काँग्रेसने जे पाच डॉक्टर पाठवले, त्यांतले हे आपले. ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ते तिकडेच गेले. भैय्या चौकातलं त्यांचं घर महापालिकेने स्मारक करून राखलं आहे. चिनी पाहुणे येतात, फोटो निघतात. हजारो कोसांवरच्या युद्धाची आठवण शहराने घरात ठेवली, आणि ज्या युद्धाचे रणगाडे आपल्याच वेशीवरून गेले त्याची मात्र नाही.

याचं कारण मला वाटतं हद्दीतच आहे. १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. झेंडा लागतो तो धाराशिवला, तुळजापूरला, लातूरला. सोलापूर मराठवाड्यात नाही, त्यामुळे आपल्याकडे तो दिवस साध्या तारखेसारखा जातो. ज्यांनी हे भोगलं त्यांतले कितीतरी जण मात्र राहिले इथेच. त्यांच्या गावाला दिवस मिळाला, त्यांना नाही.

२०२३ मध्ये मुक्तिसंग्रामाचं अमृत महोत्सवी वर्ष संपत आलं, तेव्हा आमच्या एका सभासदाने सुचवलं की गणपतीत देखावा करण्याऐवजी आपण 'पोलीस ॲक्शनच्या वेळचं सोलापूर' असं छोटं प्रदर्शन मांडू. वाचनालयाचा हॉल, तीन भिंती, खर्च जेमतेम. सगळ्यांनी माना डोलावल्या.

पहिली चूक आम्ही पहिल्याच दिवशी केली. घरोघर जाऊन भरून घ्यायला एक छापील फॉर्म काढला. नाव, वय, मूळ गाव, आणि चौथा रकाना: 'रझाकारांच्या अत्याचाराचा अनुभव'. मोठ्या उत्साहाने शंभर प्रती झेरॉक्स केल्या. आठवडाभरात परत आलेले फॉर्म वाचले तर सगळे एकसारखे! जाळपोळ, लूट, पळापळ. खोटं त्यात काही नव्हतं, पण माणूस कुठेच दिसत नव्हता. जसं विचारलं तसं उत्तर मिळालं. आणि दोन घरांतून फॉर्म कोरेच परत आले. त्यांतलं एक घर खालांचं होतं. त्यांच्या नातवाने शांतपणे सांगितलं, "दादीकडे सांगण्यासारखं आहे, पण तुमच्या फॉर्ममध्ये त्याला जागा नाही."

फॉर्म रद्दीत गेले. नवीन प्रश्न एवढाच ठेवला: तुम्ही सोलापूरला कधी आणि कशाने आलात? बैलगाडीने, चालत, बार्शी लाइट रेल्वेच्या गाडीने, की मिलिटरीच्या ट्रकमधून? या 'कशाने' ने बरंच काम केलं. वाहन आठवलं की सोबत काय घेतलं ते आठवतं, ते आठवलं की मागे काय राहिलं तेही येतं. एका आजोबांनी अर्धा तास नुसतं बैलांबद्दल सांगितलं. एकाचं नाव पवळ्या. तो नाक्यावर बसला तो उठेचना, आणि करोडगिरीचा शिपाई वडिलांच्या हातातल्या पाच हाली रुपयांकडे बघत उभा होता. एवढं सांगून आजोबा थांबले आणि म्हणाले, "बाकीचं तुम्हाला माहीतच आहे की ओ." आम्हाला काहीएक माहीत नव्हतं.

तारखांची अडचण वेगळी. कुणालाच तारीख सांगता येत नव्हती. लोक सांगत होते ते सणावारांवरून: अक्षय्य तृतीयेला आंबे पाडाचे होते, पेरणी अर्धी झाली होती, गणपती बसले होते. सुरुवातीला आम्ही हे 'अंदाजे' म्हणून बाजूला काढत होतो. मग समितीतल्या एका निवृत्त मास्तरांनी १९४८ चं पंचांग मिळवलं आणि सगळा नूरच पालटला. त्या वर्षी गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. म्हणजे सैन्य आत शिरलं तेव्हा घरोघर गणपती होतेच, आणि १७ तारीख ही अनंत चतुर्दशी. "गणपती विसर्जनाच्या दिवशी रेडिओवर आलं, निजाम पडला" हे वाक्य आम्हाला तीन घरांत ऐकू आलं होतं आणि आम्ही ते नंतर जुळवलेलं म्हणून खोडलं होतं. ते अक्षरशः खरं निघालं.

बोरामणीच्या एका बाबांची गोष्ट याहून सुंदर. ते तेव्हा दहा वर्षांचे. म्हणाले, रात्री रस्त्यावरनं गाड्या चालल्या होत्या, दिवे विझवून. आवाजाने गोठ्यातली गुरं उभी राहिली. मोजायला बसलो, पण मला शंभराच्या पुढं येत नव्हतं, म्हणून पुन्हा एकपासनं मोजलं. किती वेळा शंभर झाले ते आठवत नाही. दिवस कुठला? "सोमवार. आईनं सिद्धरामेश्वराचा सोमवार धरला होता, तिनं सकाळी आम्हाला खायला दिलं आणि स्वतः काही खाल्लं नाही. मला वाटलं लढाईला घाबरली." १३ सप्टेंबर सोमवारच होता. आईच्या उपासावरून पोराने लढाईची तारीख पंचाहत्तर वर्षं जपून ठेवली होती, आणि तो उपास लढाईचा नव्हता हे त्याला बरंच मोठं झाल्यावर कळलं.

पूर्व भागातल्या पद्मशाली कुटुंबांत आणखी निराळंच मिळालं. त्यांचं मूळ तेलंगणात, म्हणजे तेही निजामाच्याच राज्यात, पण हातमागावर इथे येऊन त्यांच्या पिढ्या गेल्या होत्या. त्यांच्या आठवणीत रझाकार जवळजवळ नाहीतच. होती ती पत्रांची वाट. "करीमनगरचं पत्र बंद झालं, मामांचं लग्न थांबलं," एवढंच. यावर समितीतले एक जण म्हणाले, "हे काय, यात काय लावायचं?" मी ते लावलं. युद्धात थांबलेलं लग्न हीदेखील युद्धाचीच नोंद आहे असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं.

खालांच्या घरी मी स्वतः गेलो. फॉर्म घेऊन गेलो नव्हतो, सोबत आमच्याच वाचनालयात बसणारी एक मुलगी होती, तिच्या आजोळची ओळख निघाली. खालांनी आधी चहा पाजला, मग माझं गाव विचारलं, मग वडिलांचं. अर्ध्या तासाने स्वतःच सुरू झाल्या. उमरग्याकडचं एक खेडं. वडील विणकर, रझाकारांत नव्हते. एक चुलता होता. त्या एका चुलत्यावरून सगळं घर त्यांच्यात धरलं गेलं. मिलिटरी पुढे निघून गेली, आणि मागून आजूबाजूच्या गावांतले लोक आले. वडील आणि दोघे चुलते त्या दिवशी परत आले नाहीत. शेजारच्या लिंगायत वाण्याने मायलेकींना दोन रात्री कडब्याच्या गंजीत ठेवलं आणि तिसऱ्या रात्री गाडीने हद्दीपर्यंत आणून सोडलं. सोलापुरात मामू होते. "आलो तेव्हा बकरीद व्हायची होती," खाला म्हणाल्या. त्या वर्षी दसरा आणि बकरीद ऑक्टोबरात एकमेकांना लागूनच आल्या होत्या. "मामूनं कुर्बानी केली नाही त्या वर्षी. म्हणाले, पुष्कळ झाली."

मुलगी लिहीत होती, तिचा हात थांबला. खालांनी तिला हाताने खूण केली: लिही.

खरी अडचण इथून सुरू झाली. समितीच्या बैठकीत हकीकत वाचून दाखवली तेव्हा पहिला प्रश्न आला तो पुराव्याचा. पाहिलं कुणी? नाव काय मारणाऱ्यांचं? गंमत अशी की आजींच्या हकिकतीत वाडा जाळणाऱ्यांची नावं नव्हती, तिथे हा प्रश्न कुणाला सुचला नव्हता. दुसरे म्हणाले, सणाच्या दिवसांत हे कशाला, पुढे भांडणं लागतील. तिसऱ्यांचं म्हणणं अधिक विचारात घेण्यासारखं होतं: आपण मुक्तिसंग्रामाच्या निमित्ताने प्रदर्शन करतोय, ही हकीकत त्याच्या विरोधात जाते, मग जे लढले त्यांचा तो अपमान होत नाही का? हे बोलणाऱ्या काकांचे वडील सरहद्दीवरच्या कॅम्पवर होते. त्यांना उडवून लावणं सोपं होतं आणि चुकीचंही.

पुराव्याच्या प्रश्नाला मास्तरांनी उत्तर दिलं. पोलीस ॲक्शननंतर दोनच महिन्यांनी केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना हैदराबाद संस्थानात पाठवलं होतं. नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये ते गावोगाव फिरले. कमीत कमी २७ ते ४० हजार माणसं पोलीस ॲक्शनच्या काळात आणि नंतर मारली गेली असा त्यांचा अंदाज होता. सर्वांत जास्त झळ बसलेले जिल्हे म्हणून त्यांनी उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड ही चार नावं दिली. उस्मानाबाद म्हणजे आपल्या वेशीला लागून. हा अहवाल कित्येक दशकं बाहेर आला नाही. त्यात रझाकारांनी आधी केलेल्या जुलमाचाही उल्लेख आहे, आणि हिंदू शेजाऱ्यांनी मुसलमानांना वाचवल्याचाही. विणकरांबद्दल तर वेगळं लिहिलं आहे: हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना जीव धोक्यात घालून राखलं. हे वाचलं तेव्हा पूर्व भागातले एक सभासद पहिल्यांदाच बोलले. एवढंच म्हणाले, "मागावरच्या माणसाला मागावरचा माणूस कळतो."

मी आकडा भिंतीवर लावायच्या विरोधात होतो, आणि तसं म्हणालोही. चाळीस हजार हा आकडा भिंतीवर गेला की माणसं त्याच्यावरच वाद घालत बसतात, खालांची गंजी कुणी वाचत नाही. आमच्या वाचनालयाची कुवत तीनचार घरांची होती. तीनचार घरं नीट मांडावीत, मोठा हिशेब मोठ्या ग्रंथालयांनी करावा. मास्तरांना हे पटलं नाही. अहवालाची एक प्रत टेबलावर ठेवायची, भिंतीवर नाही, असं शेवटी ठरलं.

काकांच्या प्रश्नावर मात्र आम्ही अडलो. आधी सुचला तो उपाय अगदी वाईट होता: एका भिंतीवर 'रझाकारांचे बळी', समोरच्या भिंतीवर 'नंतरचे बळी'. म्हणजे हॉलमध्ये शिरणारा माणूस आधी आपली भिंत शोधणार, तिथे थांबणार, समोरच्या भिंतीकडे पाठ करून. हे लक्षात आणून दिलं ते हस्ताक्षर चांगलं म्हणून फलक लिहायला बसवलेल्या बारावीच्या मुलाने. म्हणाला, "काका, महिन्यानं लावा की. माणसं ज्या महिन्यात आली त्या क्रमानं."

तसंच लावलं. तिन्ही भिंतींवरून एक काळा दोरा ताणला, तो हैदराबाद रोड. एका टोकाला सोलापूर, दुसऱ्या टोकाला नळदुर्ग, उमरगा आणि पुढचं. दोऱ्याखाली महिने. फेब्रुवारीत कोण आलं, एप्रिलात कोण, जूनला कोण. आजींचं पान ज्येष्ठात. सप्टेंबरात बोरामणीच्या बाबांचं शंभर शंभर गाड्या मोजणं, तिथे दोऱ्यावरून बाणाची दिशा फक्त एकदाच उलटी, सोलापूरहून नळदुर्गाकडे. त्यानंतर पुन्हा माणसं येऊ लागतात, दोरा तोच, नाका तोच, शहरही तेच. खालांचं पान भाद्रपद सरता सरता. काकांच्या वडिलांची कॅम्पवरची आठवण मधे, आपल्या महिन्यात, कुणाच्याही आड न येता.

मथळ्यावरून शेवटचा खेळ झाला. 'मुक्तिसंग्राम' म्हणावं की नाही? मग आम्ही वह्या चाळून पाहिल्या, सांगणाऱ्यांनी स्वतः काय म्हटलंय. आजी म्हणत होत्या 'रझाकाराच्या धामधुमीत'. पद्मशाली घरांत 'गडबडीच्या वेळी'. काका 'मुक्तिसंग्राम'. खाला 'पुलीस ॲक्शन'. आणि गंमत म्हणजे या सगळ्यांनी कुठे ना कुठे 'पोलीस ॲक्शन' हा शब्दही वापरलाच होता. सरकारने तो मुद्दाम घडवला होता. हैदराबादने सुरक्षा परिषदेत तक्रार नेली होती, तेव्हा हे युद्ध नव्हे, घरातला बंदोबस्त आहे, असं जगाला सांगायचं होतं. रणगाडे घेऊन गेलेले पोलीस! पण हा कागदी शब्दच मारणाऱ्या-मरणाऱ्या दोन्हीकडच्या घरांत उतरला, आणि तोच एकटा सगळ्यांना चालला. प्रत्येक पानावर मात्र सांगणाऱ्याचा स्वतःचा शब्द तसाच ठेवला, मास्तरांनी दुरुस्त करायचा प्रयत्न करूनही.

प्रदर्शन पाच दिवस चाललं. गर्दी म्हणावी अशी झाली नाही. तिसऱ्या दिवशी एक कुटुंब आलं, खालांचं पान वाचलं, आणि आपल्या आजोबांचं पान काढून द्या म्हणालं. शेजारी नको, एवढंच कारण. आम्ही वाद घातला नाही, पान काढून दिलं, दोऱ्याखाली तेवढी जागा मोकळी ठेवली आणि महिना तसाच राहू दिला. माझ्या मते ते बरोबर केलं. मास्तरांच्या मते तिथे 'कुटुंबाच्या विनंतीवरून काढले' असं लिहायला हवं होतं. यावर आमचं अजून एकमत नाही.

आजी चौथ्या दिवशी नातसुनेबरोबर रिक्षाने आल्या. स्वतःचं पान त्यांनी पाहिलंच नाही, चष्मा नव्हता. दोऱ्याच्या शेवटापर्यंत हळूहळू चालत गेल्या आणि म्हणाल्या, इकडून आणखी कोण आलं, वाचून दाखव. नातसुनेने खालांचं पान वाचलं. आजींनी विचारलं, "कुठं राहते ही?" पत्ता आम्ही कुणाचाच देत नव्हतो, तसं सांगितलं. "मग तिला सांगा," त्या म्हणाल्या, "तो नाका मलाही आठवतो." आम्ही निरोप पोचवला. दोघी भेटल्या की नाही ते आम्ही विचारलं नाही.

जपणुकीत आम्ही काय घालवलं तेही सांगायला हवं. निम्म्या मुलाखती मोबाईलवर रेकॉर्ड केल्या होत्या, तो मोबाईल त्या मुलाने दिवाळीत बदलला आणि जुना एक्सचेंजमध्ये दिला. पवळ्या बैलाचा आवाज, म्हणजे त्या आजोबांचा, तेवढ्यात गेला. आजोबाही आता नाहीत. एका घराने दिलेला चारमिनारचा हाली रुपया कुणीतरी फेविकॉलने पुठ्ठ्यावर चिकटवला होता, तो सोडवताना घासला गेला. तो आम्ही माफी मागून परत केला. तेव्हापासून वाचनालयात नियम केला आहे: मूळ वस्तू ठेवून घ्यायची नाही, फोटो काढून त्याच दिवशी परत. आवाज दोन ठिकाणी उतरवायचा. प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर सांगणाऱ्याची सही किंवा अंगठा, आणि खाली त्याच्याच शब्दांत: हे कुणाला दाखवायचं, कुणाला नाही, आणि मी गेल्यावर काय करायचं. खालांनी लिहवून घेतलं, "शाळेतल्या पोरांना दाखवा. पेपरला देऊ नका." म्हणून इथे त्यांचं नाव-गाव नाही, आणि त्यांच्या घरात वाचून दाखवून, त्या हो म्हणाल्यावरच, एवढं तरी लिहिलं आहे.

वह्या आता लोखंडी कपाटात आहेत, खालच्या खणात, कडुलिंबाची पानं घालून. काळा दोरा गुंडाळून त्याच खणात ठेवलाय. परवा तो बारावीचा मुलगा, आता इंजिनिअरिंगला आहे, आला आणि म्हणाला की तांदूळवाडीला एका घरी त्याच्या मित्राची पणजी आहे, गणपतीच्या आधी जाऊन यायला हवं. मास्तरांनी पंचांग काढून पिशवीत टाकलं.